फळवडीतला पाचवा घटक

खाण्याच्या बाबतीत माणसाने माणसावर विश्वास ठेवण्याची दहा हजार वर्षांची अडाणी प्रथा सन २०४४ मध्ये संपुष्टात आली आणि मानवजातीने निर्भयतेच्या युगात पाऊल टाकलं. निदान त्या वर्षीच्या सहावीच्या पुस्तकात तसं छापलेलं होतं. निर्भयतेच्या त्याच युगात, मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, जुन्नरचे दिगंबर डुंबरे स्वतःच्याच घरात कपाटाच्या आडोशाला उभे राहून एका बटणाला घाबरत होते.

बटण सदऱ्याच्या बटणाएवढंच होतं. ते त्यांच्या सात वर्षांच्या नातीच्या, शाल्मलीच्या, फ्रॉकच्या गळ्याला लावलेलं होतं आणि नात पलंगावर पालथी पडून हत्तीला जांभळा रंग देत होती. अप्पांनी, म्हणजे दिगंबररावांनी, मान लांब करून पाहिलं. बटण हिरवं होतं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग सकाळी आपण दोन पोळ्या खाल्ल्या आहेत हे आठवून तो घाईघाईने परत आत ओढला.

या भीतीमागचं विज्ञान तसं सोपं आहे. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगून बसतो, ते त्याच्याच चिकटपणामुळे. तुम्हाआम्हाला त्याचा काही त्रास नाही. पण शंभरात एखाद्याच्या शरीराचं संरक्षण खातं या प्रथिनाला घुसखोर समजतं आणि त्याच्यावर तोफा डागताना स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर उडवून टाकतं. हे अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं. त्याचे बारीक तंतू अन्नातलं सत्त्व टिपून घेतात. हल्ले होत राहिले की टॉवेलचं पोतेरं होतं. मग मूल पोटभर जेवतं आणि तरी वाळत जातं. सीलिअॅक म्हणतात त्या आजाराला. त्यावर औषध एकच : गहू, जव, राय यांचा कणही पोटात जाऊ द्यायचा नाही. आज नाही, उद्या नाही, लग्नातही नाही.

शाल्मली चार वर्षांची असताना हे निदान झालं. तेव्हा अठरा दिवस ती दवाखान्यात होती. तिच्या मनगटाभोवती आपला अंगठा आणि करंगळी सहज मिळते, हे अप्पांनी एकदा करून पाहिलं होतं. पुन्हा कधी करून पाहिलं नाही.

मग पहारेकरी जिवाणू आले. दह्यातल्या साध्या जिवाणूंना शास्त्रज्ञांनी एक नवं काम शिकवलं. आतड्यात मुक्काम ठोकायचा, आणि ग्लुटेनचा तुकडा दिसला की निसर्गात कुठेच नसलेला एक वायू सोडायचा. तो रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून श्वासात येतो आणि गळ्याजवळचं बटण तो हुंगतं. पाऊण तासात निकाल. मुलाला सकाळी वाटीभर दही द्यायचं की झालं.

इथवर सगळं छान होतं. पण ग्लुटेन पोटात गेलं हे कळायला लागल्यावर ते दिलं कुणी, हा प्रश्न निघाला, आणि असे प्रश्न सरकारला फार आवडतात. अन्नदाता यादी निघाली. बटणवाल्या मुलाला काहीही खायला द्यायचं तर तुमचं नाव त्याच्या यादीत हवं. तुमच्यामुळे बटण लाल झालं की तुमच्या नावापुढे एक खूण. तीन खुणा झाल्या की नाव आपोआप गळतं आणि पाच वर्षं परत चढत नाही. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. यादीची घालता येत नाही.

अप्पांच्या नावापुढे दोन खुणा होत्या. पहिली, चहात बिस्किट बुडवलेल्या चमच्याने तिचं दूध ढवळलं म्हणून. दुसरी, गिरणीतून दळण आणलं आणि त्याच हातांनी तिला द्राक्षं सोलून दिली म्हणून.

तरीही त्यांच्या सुनेने, मृण्मयीने, यंदा धीर करून पोरीला आठवडाभरासाठी जुन्नरला सोडलं होतं. मुलगा निनाद मालवाहू जहाजावर होता, मृण्मयीचं पुण्यात कॉलेजच्या परीक्षांचं काम होतं. रविवारी ती आली ती निळ्या भांड्यांचं खोकं घेऊनच.

"अप्पा, ही निळी भांडी फक्त तिची. आंघोळ झाल्याशिवाय यांना हात लावायचा नाही. पोळी खाल्लीत तर चूळ भरायची, कपडे बदलायचे, मग तिच्या खोलीत यायचं."

"आमच्या आळीत गोदूकाकू होत्या," अप्पा म्हणाले. "त्यांचं सोवळं असंच कडक. आम्ही पोरं त्यांना मुद्दाम शिवून पळायचो."

"मग?"

"मग त्या परत आंघोळ करायच्या."

"इथे आंघोळीवर भागत नाही," मृण्मयी म्हणाली. ती हसत नव्हती. "वर्ष झालं, हिचं वजन हललेलं नाही. बटण कायम हिरवं, आणि वजन तेवढंच. डॉक्टरांनाही कळत नाहीये. हिच्यासमोर नका बोलू."

"आणि खाऊ?"

"बाहेरचं काही नाही. फक्त तुमची वडी. रोज एक."

त्या वाक्याने अप्पांची छाती दोन इंच फुगली होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आठ बायकांच्या मदतीने विमल फळवडी बनवत. विमल त्यांची दिवंगत पत्नी. आवळा, खजूर, सैंधव, जिरं. शहरात असल्या वडीला फ्रूट बार म्हणतात आणि तिच्यावर डोंगर चढणाऱ्या बाईचं चित्र काढतात. आता फळांची वडी ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांना चालते का, हा प्रश्न ज्याला त्याला पडतो. उत्तर असं की फळ जन्मतः निर्दोष असतं, घोटाळा संगतीत होतो. कुणी वडीत ओट्स घालतं, कुणी जवाचा अर्क, कुणी चिकटू नये म्हणून पिठाचा हात फिरवतं. अप्पांच्या वडीत यातलं काही नव्हतं. सरकारच्या संगणकात त्यांनी चार घटक भरले, संगणकाने दहा सेकंदांत 'ग्लुटेनमुक्त' असं प्रमाणपत्र दिलं. पाचवं काही आहे का, असं संगणकाने विचारलं नाही. आणि पाचवं जे होतं ते अप्पा मागच्या खोलीत दार लावून स्वतःच्या हाताने घालत, कारण विमल तसंच करायची आणि वडीची सगळी खुबी तिच्या मते त्यातच होती.

"आजोबा," पलंगावरून आवाज आला. "माझं बटण लाल झालं."

अप्पा कपाटामागून बाहेर आले. खरोखरच लाल झालं होतं.

"कृपया घाबरू नका," बटण म्हणालं. त्याचा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा शुद्ध होता. ज्या यंत्राला 'घाबरू नका' हे वाक्य आधीपासून शिकवून ठेवलेलं असतं, त्याच्याकडून चांगली बातमी कधी येत नाही. "ग्लुटेन आढळले आहे. मात्रा मध्यम. बालकाच्या आईला कळवण्यात आले आहे. स्रोत घोषित करण्यासाठी आपल्याकडे साठ मिनिटे आहेत."

"पोट दुखतंय का गं?"

"अजून नाही," शाल्मली म्हणाली आणि त्यांच्याकडे टक लावून पाहू लागली. "दुखेल का?"

अप्पांनी उलट प्रश्न विचारला. "सकाळपासून काय काय खाल्लंस?"

"आईने दिलेल्या पिठाचं घावन. दही. आणि वडी."

"एक ना?"

"एक तुम्ही दिलीत." ती जरा थांबली. "तीन मी घेतल्या. डबा उघडाच होता."

फोन वाजला. मृण्मयी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"निघालेय. दोन तास लागतील. डॉक्टर म्हणतात, पाणी देत राहा, झोपवून ठेवा, उलटी झाली तर लगेच दवाखाना. अप्पा, काय गेलं पोटात?"

"माहीत नाही."

"शोधा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शेडवर देखरेख करणारी सुरेखाबाई शेळके तेवढ्यात मागच्या दाराने आत आली. पंधरा वर्षं ती या शेडमध्ये होती आणि तिला घाबरणारा शेडमध्ये एकच माणूस होता, तो मालक.

"काय झालं शेठ? तोंड असं पांढरं का पडलंय? पिठाच्या डब्यात पडल्यासारखं?"

"पिठाचं नाव काढू नका. पोरीचं बटण लाल झालंय. वडीतून गेलं असेल का?"

"आपल्या वडीतून? काहीतरीच."

"आवळे?"

"तुमच्याच झाडांचे."

"खजूर?"

"मी स्वतः बिया काढल्या. एकेक."

"ताटं, सुऱ्या? कुणी पोळी खाऊन हात न धुता…"

"शेठ," सुरेखाबाईने पदर खोचला. "सहा बायका भाकरीच आणतात. पोळी आणतो आम्ही दोघी, आणि डबा फाटकाबाहेर उन्हात उभ्यानं खातो. तुमच्या सूनबाई सांगून गेल्यापासून, वर्षं झाली आता. पावसाळ्यात डबा एका हातात अन् छत्री दुसऱ्या हातात. तोंडात घास कसा घालायचा ते तुम्ही घालून दाखवा एकदा."

"संभाव्य स्रोत सापडला आहे," बटण मधेच म्हणालं. घरात कोण आलं, कोण गेलं याची नोंद दाराकडे असे, आणि दार ती बटणाला सांगे. "सुरेखा शेळके. सकाळी नऊ वाजता बालकाच्या गालाला स्पर्श. डब्यात गव्हाची पोळी. शक्यता एक्क्याऐंशी टक्के. मान्य असल्यास 'होय' म्हणा."

"ह्याला होय म्हटलं की काय होतं?" सुरेखाबाईने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

अप्पांना माहीत होतं. तिचं नाव दोषी स्रोतांत जाणार. मग खाण्याच्या कुठल्याही कारखान्यात, हॉटेलात, शाळेच्या स्वयंपाकघरातसुद्धा तिला कुणी उभं करणार नाही. आणि अप्पांच्या नावापुढे खुणा दोनच राहणार.

"काही होत नाही," ते म्हणाले. "आपण नीट शोधू."

"मग तुमची मागची खोली शोधा. आम्हाला कुणाला तिथे येऊ देत नाही तुम्ही. तिथलं तुम्हीच बघा."

मागच्या खोलीत फळीवर पितळेचा डबा होता. अप्पांनी तो उघडला आणि नेहमीचा उग्र वास नाकात घुसला. हिंग. अर्धा चमचा हिंगाने आवळ्याचा तुरटपणा मोडतो आणि खाणारा दुसऱ्या वडीला हात घालतो, हे विमलने शोधून काढलं होतं. पण हिंगात घाबरण्यासारखं काय असणार? हिंग हा काही घटक नव्हे. हिंग चवीपुरता. चाळीस वर्षं बाजारातून हिंग यायचा, पितळेच्या डब्यात रिकामा व्हायचा आणि वेष्टन कचऱ्यात जायचं. मिठाच्या पिशवीपासून खजुराच्या खोक्यापर्यंत अप्पांनी सुनेच्या धाकाने सगळी अक्षरं वाचली होती. हिंगाची कधी वाचली नव्हती.

फळीवर एक न फोडलेली डबी होती. त्यांनी भिंग आणलं. मुंगीने शाईत पाय बुडवून चालावं तशी अक्षरं होती. 'संयुक्त हिंग. घटक : गव्हाचे पीठ, डिंक, हिंग.'

त्यांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. गहू तिथेच होता, आणि पहिला होता. असल्या यादीत ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी लिहितात. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळाचा चीक. तो शुद्ध असला तर इतका जहाल असतो की पिठात मुरवल्याशिवाय स्वयंपाकघरात चालत नाही. हे हिंग विकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, डबीवर लिहिलेलं होतं, लपवलं कुणीच नव्हतं. हिंगाच्या नावाखाली चाळीस वर्षं आधी विमल आणि मग अप्पा आपल्या हाताने वडीत गहू पेरत होते.

गणितात ते कच्चे नव्हते. एका वडीतून तीन मिलिग्रॅम ग्लुटेन जात असावं. बटणाचं नाक जागं होतं ते दहाच्या पुढे. आज पोरीने चार खाल्ल्या म्हणून बटण लाल झालं. रोज एक खाल्ली तेव्हा ते हिरवं राहिलं.

रोज एक. महिन्याला एक खोकं ते स्वतः पोस्टाने पाठवत होते. वर्षभर. वजन हललं नव्हतं.

अप्पा जमिनीवर बसले. आता त्यांना बटणाची भीती वाटत नव्हती. भिंग धरलेला स्वतःचा हातच त्यांना भीतिदायक वाटू लागला होता.

ते परत आले तेव्हा शाल्मली कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. सुरेखाबाई चार हात लांब, पदर तोंडाला लावून उभी होती. जवळ जायची तिची हिंमत होत नव्हती.

"आपल्याकडे नऊ मिनिटे शिल्लक आहेत," बटण म्हणालं. "सुरेखा शेळके, एक्क्याऐंशी टक्के. मान्य असल्यास 'होय' म्हणा."

एक शब्द बोलायचा होता. वडी वाचत होती, शेड वाचत होती, विमलची खुबी दाराआड राहत होती. उद्यापासून गुपचूप हिंग बंद केला असता, तर पोरगीही वाचत होती. आणि रोज सकाळी निळ्या वाटीत दही घालून तिच्यासमोर ठेवायला अप्पा यादीत राहत होते. यंत्र स्वतःच सुचवतंय म्हटल्यावर खोटं बोलल्यासारखंही झालं नसतं. अप्पांच्या घशातून आवाज निघाला, "हो…"

"उत्तर स्पष्ट ऐकू आले नाही," बटण म्हणालं. "कृपया पुन्हा सांगा."

सुरेखाबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

"आता दुखतंय," शाल्मली भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"स्रोत मी," अप्पा म्हणाले. "दिगंबर बाळकृष्ण डुंबरे. वडीतला हिंग. हिंगात गव्हाचं पीठ आहे. वर्षभर देतोय मी तिला. लिही."

"नोंद घेतली. हिंग हा घटक विमल फळवडीच्या यादीत आढळत नाही. वाढवावा का?"

"वाढव."

"धन्यवाद. विमल फळवडीची सर्व पाकिटे परत मागवण्यात येत आहेत. पाचवा घटक सर्व ग्राहकांना कळवण्यात आला आहे. आपले नाव अन्नदाता यादीतून वगळण्यात आले आहे. आपला दिवस आनंदात जावो."

बटण गप्प झालं.

"हिंग?" सुरेखाबाई म्हणाली. "शेठ, एवढ्यासाठी दार लावायचात? हिंग तर वासावरून आम्हाला पहिल्याच दिवशी कळला होता. आम्हाला वाटायचं, आत आणखी काहीतरी घालत असाल." मग तिने डोळे पुसले, हात दोनदा साबणाने धुतले आणि पोरीसाठी पाणी उकळायला ठेवलं. यादीत तिचंही नाव नव्हतं, त्यामुळे पेला पुढे करताना तिचा हात थांबला. शाल्मलीने तो आपणच उचलून घेतला.

त्यानंतरचा सव्वा तास अप्पांनी दारात उभं राहून काढला. पोरीला एकदा उलटी झाली. घाम आला, मग थांबला. पोट दुखायचं, राहायचं, परत दुखायचं. प्रत्येक वेळी अप्पा एक पाऊल आत टाकत आणि परत घेत.

मृण्मयी आली ती चपला न काढताच आत गेली. डॉक्टरांना फोनवर दाखवून झालं, नाडी बघून झाली. दवाखान्याची गरज नव्हती. उद्यापर्यंत कळा येतील, मग ओसरतील. मग ती बाहेर आली आणि अप्पांसमोर उभी राहिली. अप्पा तिच्यापेक्षा वीतभर उंच होते, पण त्या वेळी तसं दिसत नव्हतं.

"मला हिंगाचं ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी घरात खडा हिंग आणते, स्वतः कुटते. म्हणूनच मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं, अप्पा. वडीत या चारांशिवाय आणखी काय घालता? काय सांगितलंत तुम्ही?"

अप्पांनी मान खाली घातली. "प्रेम."

"प्रेम. तिन्ही वेळा. आणि मी बावळट, डॉक्टरांना हसत हसत तेच सांगितलं. त्यांनीही हसून सोडून दिलं. वर्षभर तिच्या रक्ताच्या तपासण्या करत बसलो आम्ही."

"मला यादीतून काढलंय."

"कळलं. पाच वर्षं मला ते नाव परत घालता येणार नाही. आणि येत असतं तरी आज मी घातलं नसतं."

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले. पाच वर्षांनी पोरगी बारा वर्षांची असेल आणि आपण एकोणऐंशीचे, हा हिशेब त्यांचा आधीच करून झाला होता. बारा वर्षांच्या मुली आजोबांच्या हातचं दही खात नाहीत.

मृण्मयी आत जायला वळली आणि थांबली. "ते एक्क्याऐंशी टक्के माझ्याही फोनवर दिसत होते. सुरेखाबाईंचे. मी गाडीत बसून बघत होते, तुम्ही काय म्हणता ते. तुम्ही 'हो' म्हणालात तेही बटणातून ऐकलं."

अप्पांना जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. जुन्नरची जमीन मुरमाड, ती दुभंगली नाही.

"आणि पुढचंही ऐकलं," ती म्हणाली. "तिचं वजन का वाढत नव्हतं ते आज कळलं, अप्पा. आता वाढेल. हे तुम्ही लपवलं असतंत तर…" तिने पदराला, म्हणजे ओढणीला, डोळे पुसले. "यादी खायला द्यायची असते. उशाशी बसायला यादी लागत नाही. दारात काय उभे आहात?"

अप्पा आत गेले. बसायचं त्यांना सुचलं नाही. ते पलंगाशी ताठ उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि आयुष्यात एकदाही भाषण न केलेल्या माणसाच्या जड आवाजात बोलू लागले.

"शाल्मली बाळा, तुझा आजोबा तुझा अपराधी आहे. ज्या हातांनी तुला खाऊ दिला त्याच हातांनी… वर्षभर… आजपासून या घरात, या शेडमध्ये, हा दिगंबर डुंबरे जे करील ते उघड्या दाराने करील. तुझ्या आजीची शपथ घेऊन मी सांगतो की…"

शाल्मलीने एक डोळा उघडला.

"आजोबा," ती म्हणाली, "जरा बाजूला सरका ना. पंख्याचा वारा अडतोय."